मुनीर सरांचा राखून ठेवलेला शब्द

मी शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूमच्या चहात मीठ निघालं. शिपाई नामदेवनं साखरेचा डबा समजून भलताच डबा उपडा केला होता. मी गणिताचा माणूस. इंग्रजी शब्द मी सुटाच्या कोटासारखे वापरतो, म्हणजे चार लोक बघत असले की अंगात घालायचे, मग ते काखेत कितीही काचोत. त्या दिवशी समोरच इंग्रजीचे सर बसले होते. नव्या गड्याचं वजन पडावं म्हणून मी ग्लास आपटला आणि त्याच आठवड्यात पेपरात वाचलेला एक शब्द फेकला.

"धिस टी इज हेनस!"

इंग्रजीच्या सरांनी आपला ग्लास हळूच खाली ठेवला. उंच, काटकुळे, पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशाला खडूचा कायमचा डाग. त्यांनी माझ्याकडं काळजीनं बघितलं.

"कोणी मेलं का?"

"कुठं, सर?"

"या चहात."

स्टाफरूम हसून लोटपोट. मीही हसलो, कारण अशा वेळी दुसरं काय करता येतं? सर मात्र हसले नाहीत. त्यांनी ग्लास पुन्हा उचलला, दारात उभ्या नामदेवकडं एकदा पाहिलं आणि तो खारट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले. म्हणाले, "खारट आहे. बस, इतकंच. सॉल्टी." नामदेवचा जीव भांड्यात पडला.

हे मुनीर सर. मधल्या सुट्टीत त्यांनी मला लिंबाखाली गाठलं. "जाधव साब, बुरा मानू नका. तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो. तो शब्द चहाला लागत न्हाई. भाजीला लागत न्हाई, एसटीच्या गर्दीला बी लागत न्हाई. त्याच्या शेजारी कायम गुन्हा बसतो. हेनस क्राइम. हेनस ॲक्ट. साधासुधा गुन्हा बी न्हाई, ऐकून माणसाच्या तोंडचं पाणी पळावं असा. आमच्या घरी उर्दूत घिनौना म्हणतेत, तुमच्या मराठीत निर्घृण म्हणा, घोर म्हणा, पण बराबर असा एक बी बसत न्हाई. फ्रेंचांकडून आल्ता तो. त्याच्या पोटात द्वेष आहे. असं कृत्य, की अख्ख्या गावानं त्याचा द्वेष करावा. तुम्ही तो चहावर सांडला."

मी म्हणालो, "चुकलो, सर."

"चुकला न्हाई. उधळलं."

त्यांचे वडील परतूरच्या बाजारात अत्तर विकायचे. शब्दांचं सगळं शास्त्र सरांनी तिथूनच उचललं होतं. अत्तर कोणी लोट्यानं अंगावर ओतत नाही, कापसाचा बोळा कानात ठेवतात, तेवढ्यानं शुक्रवारभर माणूस घमघमतो, असं ते म्हणत. टीव्हीवर बातम्या देणारी माणसं त्यांना सोसायची नाहीत. ती ओरडायला लागली की सर आवाज बंद करत आणि नुसत्या हलणाऱ्या तोंडांकडं बघत बसत. "बघा, बघा," म्हणायचे, "साध्या पावसाला महाभयंकर म्हणून राह्यला. उद्या पूर आला तर हा काय म्हणंल? नुसता आ करून बसंल."

पण त्यांचं खरं रूप नववीच्या वर्गात दिसायचं. माझा तास शेजारच्या वर्गात असला की मी मुलांना एखादं लांबलचक गणित घालायचो आणि भिंतीला कान लावायचो. दरवर्षी एकदा, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, सर नववीत खटले चालवायचे. मुलांनी उठून आपल्यावर किंवा आपल्या डोळ्यांदेखत झालेला अन्याय सांगायचा. सर ऐकून घ्यायचे आणि त्याला मापाचा इंग्रजी शब्द द्यायचे. शिंप्यानं सदरा बेतावा तसा.

"सर, माह्या चुलत्यानं आमची पाण्याची बारी मारली."

"अनफेअर. बस. पुढं."

"सर, दाजीनं ताईचा मोबाईल आपटून फोडला."

"शेमफुल. अन् दाजीला सांग, मुनीर सरांनी म्हणलंय. पुढं."

"सर, आजीनं माझी कोंबडी पाहुण्यासाठी कापली. मला विचारलं बी न्हाई."

वर्ग फिदीफिदी हसला. सर नाही. "क्रूएल," ते म्हणाले. मग जरा थांबून, "रस्सा पिला का?"

"पिला, सर."

"मंग अर्धा क्रूएल तू."

मुलं मोठ्या शब्दासाठी धडपडायची. प्रत्येकाला वाटायचं, आपलीच तक्रार सगळ्यांत भारी. "सर, याला तरी तो द्या." सर मान हलवायचे. सगळे खटले संपले की ते लाल खडू घेऊन फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तो एक शब्द लिहायचे. स्वतः एकदाच उच्चारायचे, अगदी हळू. मुलांना म्हणायला लावायचे नाहीत. एरवी प्रत्येक शब्द दहादा घोकून घेणारा हा माणूस इथं म्हणायचा, "हा वाचायचा. मनात. याची प्रॅक्टिस करायची न्हाई." त्याचा अर्थ मराठीत, उर्दूत, हिंदीत सांगायचे. आणि मग फळा पुसायला डस्टर घ्यायचे नाहीत, खिशातला रुमाल काढायचे. त्यामुळं आमच्या गावात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसानं तो शब्द सरांच्या तोंडून आयुष्यात एकदा ऐकलेला होता. एकदाच.

हेडमास्तरांशी त्यांचं एकदा या शब्दावरून वाजलं. एका पोरानं मुतारीत बादलीखाली सुतळी बॉम्ब लावला. आत कोणी नाही अशी त्याची समजूत. आत हेडमास्तर होते. ते बाहेर आले ते एका हातानं कान आणि एका हातानं विजार धरून. संस्थेला कळवून पोराचं नाव शाळेतून काढायचं त्यांनी ठरवलं, आणि कागद इंग्रजीत हवा म्हणून सरांना बोलावलं.

"लिहा. अ मोस्ट हेनस ॲक्ट."

"नॉटी लिहितो, साहेब."

"नॉटी? माझ्या कानात अजून शिट्टी वाजून राह्यली!"

"मंग डेंजरस लिहू. त्याच्यावर न्हाई चढणार मी."

"लेखणी तुमच्या बापाची आहे का?"

"शब्द कोणाच्याच बापाचा न्हाई, साहेब. म्हणून तर जपायचा. आज फटाक्याला तो लावला, अन् उद्या खुदा न करो, या शाळेत खरंच काही झालं, तर तवा काय लिहाल? कपाट रिकामं असंल."

हेडमास्तर एका कानानंच ऐकत होते, पण त्यांना पटलं. पोराला उन्हाळाभर झाडांना पाणी घालायची शिक्षा झाली.

एक गोष्ट मात्र मला त्यांची कधी कळली नव्हती. गावाबाहेर त्यांच्या बायकोच्या वाट्याची थोडी जमीन आहे. आम्ही सगळे त्यांच्या बायकोला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. खालांनी तिथं मोसंबी लावली होती, लेकरासारखी वाढवली होती. एका सकाळी बांधाकडची अख्खी रांग कुणीतरी कुऱ्हाडीनं तोडून टाकलेली दिसली. झाडं फळावर होती. हिरवी मोसंबी मातीत पडलेली, आणि सर एका बुंध्याजवळ उकिडवे बसून तुटलेल्या जागेवरून बोट फिरवत होते. कुणी केलं ते साऱ्या गावाला माहीत होतं. पोलीस पाटील म्हणाले, तक्रार द्या. मी म्हणालो, "सर, आता तरी म्हणा तो शब्द."

त्यांनी बुंध्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "विकेड. क्रूएल बी म्हणू. पण तो न्हाई, जाधव. झाडं परत लावता येतेत."

मला राग आला. माणसानं इतकं चिक्कू असू नये. खाला तर पदर खोचून उभ्याच होत्या. "अजी, तुम्हारा वो लफ़्ज़ कभी काम भी आएगा, कि कफ़न में बाँध के ले जाओगे?"

सर म्हणाले, "काम न आए तो अच्छा है, बेगम." आणि पडलेली मोसंबी धोतरात गोळा केल्यासारखी सदऱ्यात गोळा करू लागले. ती कच्ची मोसंबी आम्ही स्टाफरूममध्ये मीठ लावून आठवडाभर खाल्ली.

आता गावातल्या एका लग्नाकडं येतो.

आमच्याकडं लग्न मुहूर्तावर लागत नाही, आणि लागेपर्यंत माईक चालू असतो. वर बसलेला निवेदक एकेकाला आशीर्वाद द्यायला बोलावतो. सरपंच, माजी सरपंच, आणि पुढच्या वेळी होऊ म्हणणारे सरपंच. लोक कंटाळून गेले की शेवटी मुनीर सरांना पुकारतात. सर बोलायला लागले की सुपारी कातरणारे हात थांबतात. ते थोडं मराठी बोलत, थोडं उर्दू, आणि शेवटी स्वतःच रचलेला एक शेर ठेवलेला:

"चूल्हा एक हो, प्याले दो हों, रूठो तो बस इतना रूठो,
चाय के ठंडी होने से पहले दोनों मान भी जाओ।"

गावातल्या कितीतरी जोडप्यांचे संसार या शेरावर उभे आहेत. माझ्या लहान भावाचाही आहे. त्याची चहा प्यायची घाई तेव्हापासूनची.

तर भारत नावाचा सरांचा एक जुना विद्यार्थी भाचीच्या लग्नाची पत्रिका घेऊन शाळेत आला. पत्रिकेत आमच्याकडच्या रीतीप्रमाणं घरचं लाडाचं नाव, 'छकुली'. भारतच्या बहिणीला तीन-चार मुली, त्यातल्या थोरलीचं असणार असं आम्ही धरून चाललो. कुणीच विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे गेलो. माझी बायको सुनंदा बायकांच्या बाजूला जाऊन बसली. मला फेटा बांधला, तो एका डोळ्यावर आला. शेजारी ग्रामसेवक, त्यांनाही फेटा, त्यांचा दोन्ही डोळ्यांवर.

सर माईकवर गेले. लोक सावरून बसले. नवरदेव खुर्चीत, घाम पुसतोय. सरांनी दोन्ही घरांची चौकशी केली, दोन विनोद केले, हशा झाला. मग हात उंचावून त्यांनी सुरू केलं, "चूल्हा एक हो, प्याले दो हों..."

तेवढ्यात भारत भाचीला मांडवात घेऊन आला. नवरीला मामानं आणायचं असतं. डोक्यावरून शेला, मुंडावळ्या, अंगावर शालू, तो एवढा मोठा की ठिकठिकाणी पिना टोचून गोळा केलेला. स्टेजला एक लाकडी पायरी होती. नवरी पायरीपाशी आली, तिनं मान वर केली, समोर माईक धरलेले मुनीर सर बघितले, आणि ती थांबली.

नुसती थांबली नाही. पायरीच्या कडेला सरकली, हात खाली सोडले आणि सरळ उभी राहिली.

आमच्या शाळेतल्या कुणालाही ते उभं राहणं ओळखू आलं असतं. सरांच्या वर्गात उशिरा आलेल्यानं आत शिरायचं नाही, असा नियम. दाराच्या कडेला उभं राहायचं, सरांनी मान हलवली की आत यायचं. ती रेणुका होती. नववी ब, दुसरा बाक. त्या आठवड्यात ती शाळेत आली नव्हती, आम्हाला वाटलं ताप असेल.

"चल माय, मुहूर्त चालला," भारत मागून म्हणाला. ती हलली नाही. त्यानं खांद्याला हात लावला. ती हलली नाही. ती सरांच्या मानेकडं बघत होती.

सरांचा हात अजून वरच होता. शेर अर्धा राहिला होता. मंडपात फक्त जनरेटरचा आवाज. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. कुणीतरी मागून शेर पुरा करून दिला, लोक हसले. सरांनी हात खाली घेतला. माईकमधूनच विचारलं, "रेणुका?"

तिनं मान हलवली. आणि सरांनी मान हलवली नाही.

मग ते बोलले. एकच शब्द. हळू, नववीच्या वर्गात बोलायचे तसा. पण चारी कोपऱ्यांत भोंगे लावलेले होते.

"हेनस."

म्हाताऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, इंग्रजीत आशीर्वाद दिला. पुढं बसलेला एक आजोबा तर "वा, मास्तर!" म्हणाला.

पण वाढपी जागच्या जागी थांबले. एकाच्या हातातल्या पळीतून वरण खाली गळत राहिलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. लेकरू कडेवर घेतलेल्या सुना, फटफटीवर टेकलेली तरणी पोरं, ढोलवाले, सगळ्यांचे चेहरे एकदम उतरले. ही सगळी कधी ना कधी नववीत होती. आणि मग मी बघितलं, तो शब्द मंडपात फिरू लागला. बापानं पोराला विचारलं, काय म्हणले रे? पोरानं कानात सांगितलं. सासूनं सुनेला विचारलं. कुणी म्हणालं घोर पाप, कुणी म्हणालं माणुसकीला काळं, एक बाई नुसतीच म्हणाली, "न्हाई सांगवत, आत्याबाई." शब्द जिथं जिथं पोचला तिथल्या टाळ्या बंद पडत गेल्या. "वा" म्हणणाऱ्या आजोबांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

नवरदेवाकडचा एक जण उठला. "हा कोण आमच्या मांडवात तोंड घालणारा? याचा काय संबंध?"

त्याला उत्तर भारतनं दिलं. त्याचा हात अजून भाचीच्या खांद्यावर होता, तो त्यानं काढून घेतला. "माह्या लग्नात यांनीच आशीर्वाद दिल्ता. तवा कोणी संबंध विचारला न्हाई." मामा म्हणून तिला हात धरून तोच घेऊन आला होता, आणि त्यालाही शब्दाचा अर्थ येत होता.

रेणुकाचे वडील आसाराम पुढं आले. ओरडायला आले होते, पण आवाज भलताच निघाला. "सर, तुम्ही बोलले, बरं केलं. आता उत्तर बी सांगा. आम्ही दोघं नवरा-बायको ऊसतोडीला निघून राह्यलो, परवा ट्रक येतो. पोरगी कुठं ठेवू? घरी एकटी ठेवू, का फडावर पालात नेऊ? तिथं काय व्हतं ते तुम्हाला ठावं न्हाई, आम्हाला आहे. अन् त्या पोराला तरी काय म्हणू? मुकादम एकट्याला उचलत न्हाई. कोयता म्हणजे नवरा अन् बायको, जोडी. बायको न्हाई तर काम न्हाई. बोला, कुठं ठेवू?"

कुणी बोललं नाही. सरपंच नाही, माजी नाही, होणारे नाहीत. सर माईक धरून उभे. माझ्या घरी ठेवा म्हणावं, तर मुसलमानाच्या घरी हिंदूची पोर म्हणून बोंब मारायला नवरदेवाकडचा तो माणूस अजून उभाच होता, हे त्यांनाही दिसत होतं.

"आमच्याकडं राहील."

बायकांकडून आवाज आला. तो ओळखीचा वाटला. मी फेटा वर करून बघितलं. सुनंदा उभी होती. "आमच्या घरी राहील," ती पुन्हा म्हणाली. "आमचं घर शाळेला लागून आहे. तुम्ही गुढीपाडव्याला या अन् घेऊन जा तुमची लेक, जशीच्या तशी."

मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी विचार करून सांगतो म्हणालो असतो, आणि तोवर मंगलाष्टकं झाली असती.

त्यानंतर ग्रामसेवक उठले. फेटा सावरत म्हणाले, "आणि हे बघा, कायद्यानंही हा गुन्हाच आहे!" पुढं बसलेल्या एका म्हातारीनं त्यांना खालून वर न्याहाळलं. "बापू, कायदा फेट्याखाली झाकला व्हता का इतका वेळ?"

लग्न मोडलं, वऱ्हाड न जेवता गेलं. बुंदी दोन दिवस गावात वाटली.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ती मिशीला पीळ देऊन सांगितली असती. पण आठवडाही उलटला नाही आणि भारत शाळेत आला, दारातच उभा राहिला. त्याच नवरदेवाचं लग्न लागलं होतं. पलीकडच्या तालुक्यात, वस्तीवर, गाजावाजा न करता. त्याला जोडी पाहिजे होती, ती त्याला मिळाली. मुलगी आठवीतली.

सरांनी खडू टेबलावर ठेवला. "कोणतं गाव?" एवढंच विचारलं आणि लुना काढली. संध्याकाळी परतले ते धुळीनं पांढरे होऊन. ट्रक सकाळीच गेला होता. ते रिकाम्या नववीच्या वर्गात जाऊन बसले, तेही मुलांच्या बाकावर. मी पाणी नेलं.

"जाधव, त्या पोरीच्या मांडवात माईकवर कोण असंल?"

"असेल कुणी आपल्यासारखाच मास्तर."

"बराबर," ते म्हणाले. "माझ्यासारखाच." पाण्याचा ग्लास त्यांनी बाकावर ठेवला. "इतक्या वर्षांत इतक्या मांडवांत उभा राह्यलो. शेर म्हणला, जेवलो, टोपी-टॉवेल घेतला. एकीचं बी वय विचारलं न्हाई मी. दुसऱ्यांसाठी शब्द जपून ठेवला, जाधव, अन् मी स्वतः..." मोसंबीच्या बुंध्यापाशीही त्यांचा चेहरा असा नव्हता. सांत्वनाला माझ्याकडं शब्द नव्हता, आणि असता तर तो मी चुकीच्या जागीच वापरला असता.

त्यानंतर ते लग्नांना जात, पण माईकवर नाही. मंडपात शिरायच्या आधी घरात जाऊन नवरीला भेटत, कितवीत होतीस विचारत. लोकांनी पत्रिका देणं कमी केलं. सर निवृत्त झाले.

परवा वाटूर फाट्यावर दिसले. मी एसटीची वाट बघत होतो. ते टपरीपाशी लुना टेकवून चहा पीत होते. आणखी वाळलेत. सदऱ्याच्या खिशात लाल खडू.

"कुठं, सर?"

"घनसावंगीकडं. एका शाळेत ऑफ तास मिळालाय."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. आता ते गावोगावच्या शाळांमध्ये जातात आणि हेडमास्तरांकडं नववीचा एक मोकळा तास मागतात. एक शब्द शिकवायचा असतो. म्हणाले, "त्या आठवीतल्या पोरीच्या गावात कोणाला हा शब्द येत नव्हता, जाधव. म्हणून कोणी थांबलं न्हाई. आता मी तो पोरींकडून म्हणून घेतो. मोठ्यानं. प्रॅक्टिस करून."

"शाळावाले येऊ देतात?"

"दोन जागी हाकललं. एका जागी चहा दिला." ग्लास ठेवून त्यांनी विचारलं, "रेणुका काय म्हणते?"

"दहावीत आहे. आईबाप पाडव्याला येऊन भेटून गेले, शाळेसाठी आमच्याकडंच ठेवली. गणित जमत नाही तिला."

"तुम्ही शिकवता ना? मंग कसं जमंल," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मग पायडल मारून लुना चालू केली. ती खोकली, थांबली, पुन्हा चालू झाली. जाताना त्यांनी मागं वळून बघितलं नाही. समोरून ऊसतोडीवाल्यांचा ट्रक आला, वर भांडीकुंडी, माणसं, लेकरं. सर लुना रस्त्याच्या खाली उतरवून थांबले, आणि ट्रक पुढं जाईपर्यंत वरचा एकेक चेहरा न्याहाळत राहिले. धुरळा बसला तेव्हा ते पार लांब, एवढेसे दिसत होते.

मी घरी आलो तो भारावून. सुनंदा मेथी निवडत बसली होती. आतल्या खोलीत रेणुका इतिहासाच्या सनावळ्या घोकत होती. मी चपलासुद्धा न काढता सगळं सांगितलं आणि शेवटी जरा ठेक्यात म्हणालो, "काय माणूस आहे बघ. एका शब्दानं लग्न मोडलं!"

सुनंदानं मेथीवरून डोळे काढले नाहीत. आतल्या खोलीकडं कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला.

"शब्दानं न्हाई मोडलं, अहो. ही पोर पायरीवर थांबली म्हणून मोडलं. ही थांबली नसती, तर सर शेर पुरा करून खाली उतरले असते, अन् तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या."